एका रक्तगटात मावणारा अभ्यासक्रम: जेनेटिक्स आणि मॉलिक्युलर बायोलॉजीत नेमकं काय शिकवतात?

बारावीनंतर विज्ञान शाखेच्या मुलांच्या घरात जी चर्चा चालते, तिच्यात हल्ली ‘जेनेटिक्स’ आणि ‘मॉलिक्युलर बायोलॉजी’ ही दोन नावं हमखास येतात. मुलांना ती आवडलेली असतात, आईवडिलांना पुढे काय होणार याची काळजी असते, आणि कॉलेजच्या माहितीपत्रकात विषयांची लांबलचक यादी असते: मेंडेलचे नियम, गुणसूत्रं, डीएनएची प्रत कशी निघते, जनुकांचं नियंत्रण, पॉप्युलेशन जेनेटिक्स. त्या यादीवरून कुणालाच फारसं काही कळत नाही. एकेका सत्रात एकेक कप्पा भरायचा, परीक्षा दिली की तो बंद करायचा, अशीच समजूत होते. माझ्या मते या विषयाचं सगळ्यात मोठं नुकसान या कप्प्यांनीच केलं आहे. म्हणून इथे एकच उदाहरण घेतो आणि पहिल्या वर्षापासून एम.एस्सी.पर्यंत ते कसं उलगडत जातं ते सांगतो. उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे: बॉम्बे रक्तगट.

आधी रक्तगटांची उजळणी करू. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात १९०१ साली दाखवून दिलं की माणसामाणसाचं रक्त वेगळं असतं. तांबड्या पेशींवर ‘ए’ नावाची खूण असेल तर गट ए, ‘बी’ असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी आणि दोन्ही नसतील तर ओ. आपल्या पेशींवर जी खूण नाही, तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या रक्तात तयार असतात. म्हणून ए गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त चालत नाही. ओ गटाच्या पेशींवर दोन्ही खुणा नसल्यामुळे त्या कुणालाही चालतात असं आपण शाळेत शिकलो.

१९५२ साली मुंबईतले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. त्यांना काही माणसांचं रक्त चमत्कारिक आढळलं होतं. अँटि-ए म्हणजे ए खूण ओळखणाऱ्या अँटिबॉडी टाकल्या तरी पेशींच्या गुठळ्या होत नव्हत्या, अँटि-बी टाकलं तरी नाही. म्हणजे गट ओ. पण या माणसांच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या पातळ भागात, दुसऱ्या ओ गटाच्या पेशी मिसळल्या, तर त्यांच्याही गुठळ्या होत होत्या. सगळ्यांना चालणारं ओ रक्त या माणसांना चालत नव्हतं. लेखकांमध्ये भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांच्याबरोबर लंडनच्या रक्तगट संशोधनातली मोठी नावंही होती: रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हा गट आजही ‘बॉम्बे’ याच नावाने येतो.

आता या कोड्याकडे दोन टोकांकडून जाता येतं. एक टोक म्हणजे कुटुंब. आईवडील कसे आहेत, मुलं कशी निघाली, त्यावरून आत काय चाललं असेल याचा तर्क करायचा. हे जेनेटिक्स. दुसरं टोक म्हणजे रेणू. कुठली साखर, कुठलं एन्झाइम, डीएनएतलं कुठलं अक्षर, हे शोधत बाहेर यायचं. ही मॉलिक्युलर बायोलॉजी. पदवीच्या अभ्यासात खरं शिकायचं असतं ते या दोन्ही टोकांकडून चालत येऊन मध्ये गाठ घालणं.

कुटुंबाच्या टोकाकडून

१९५५ साली फिलिप लेव्हीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका कुटुंबाचा अभ्यास छापला. त्यात आईचा गट ओ दिसत होता आणि मुलीचा एबी. शाळेतल्या नियमाप्रमाणे हे अशक्य आहे. मूल एबी असेल, तर एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेलं असायला हवं, आणि ओ गटाच्या आईकडे द्यायला ए नाही आणि बीही नाही.

इथे वडिलांचा गट जुळत नसता, तर लोकांनी काय निष्कर्ष काढला असता ते सांगायला नको. पण आईबद्दल तशी शंका घेता येत नाही. मूल तिनेच जन्माला घातलेलं. तेव्हा चूक नियमाच्या आपल्या समजुतीतच असणार. संशोधकांनी हाच मार्ग धरला: या बाईकडे बी जनुक आहे, पण ते तिच्या पेशींवर दिसत नाही. आणखी कुठलंतरी दुसरं जनुक आड येतं आहे. मुलीला आईकडून बी मिळालं, पण आड येणारी जोडी मिळाली नाही, म्हणून मुलीत बी पुन्हा दिसू लागलं.

त्या दुसऱ्या जनुकाला एच म्हणू. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक जरी चांगली असली, तरी ए-बी नेहमीसारखं दिसतं. दोन्ही बिघडलेल्या असल्या, की माणूस ओ सारखा दिसतो, मग त्याच्याकडे ए असो, बी असो किंवा दोन्ही. एका जनुकाचा परिणाम दुसऱ्यामुळे झाकला जाण्याला एपिस्टॅसिस म्हणतात, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत त्यावर एक गणित बहुतेक असतंच.

ते गणित कागदावर करून बघा. आईवडील दोघेही एबी गटाचे, आणि दोघांकडेही एचची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. सोळा शक्यता धरल्या, तर त्यातल्या बारा मुलांना एचची निदान एक चांगली प्रत मिळते. या बारांत एक चतुर्थांश म्हणजे ३ ए, निम्मे म्हणजे ६ एबी आणि उरलेले ३ बी. बाकीच्या चार मुलांना एचच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात, म्हणून ती चारही ओ दिसतात. प्रमाण ३:६:३:४. एबी आणि एबी आईवडिलांना ओ गटाचं मूल होऊच शकत नाही असं ज्या तक्त्यात लिहिलेलं असतं, त्या तक्त्याने एच जनुक जमेस धरलेलं नाही.

हे मुद्दाम जोर देऊन लिहितो, कारण रक्तगटाच्या चिठ्ठीवरून बाईवर संशय घेणारे लोक आजही आहेत. बॉम्बे रक्तगट विरळा असला, तरी त्या विरळ्या घरात तो शंभर टक्के खरा असतो. काचपट्टीवरच्या साध्या चाचणीने मातृत्व-पितृत्वाचा निवाडा होत नाही. जेनेटिक्स शिकलेल्या माणसाने निदान एवढं तरी आपल्या गावात, नात्यात ठामपणे सांगावं.

या सोळा खणांना एक अडचण आहे. माणसाला सोळा मुलं होत नाहीत. दोन मुलांच्या घरात ३:६:३:४ कसं दिसणार? म्हणून अनेक कुटुंबं एकत्र करावी लागतात, आणि आलेले आकडे अपेक्षेच्या पुरेसे जवळ आहेत की फरक निव्वळ योगायोगाचा नाही, हे ठरवावं लागतं. त्यासाठी काय-वर्ग चाचणी शिकवतात. ज्यांनी गणित टाळण्यासाठी बायोलॉजी घेतलं, त्यांची इथे पहिली पंचाईत होते. पण संख्याशास्त्र या विषयाला नंतर चिकटवलेलं नाही, ते पहिल्या दिवसापासून त्यात आहे. मेंडेलने मटाराच्या एकाच प्रयोगात ७,३२४ दाणे मोजले होते: ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. तीनास एक हे प्रमाण त्या ढिगातूनच दिसलं. फळमाशी प्रयोगशाळेची लाडकी आहे तीही यासाठीच. २५ अंश सेल्सियसला दहा-बारा दिवसांत तिची नवी पिढी तयार होते आणि एक मादी शेकडो अंडी घालते.

रेणूच्या टोकाकडून

कुटुंबांवरून कळलं की एच नावाचं काहीतरी आहे. पण ते करतं काय?

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. एच जनुक एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम घडवून आणणारं प्रथिन, बनवतं. ते एन्झाइम साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडतं. ही झाली एच खूण. ती एक खुंटी आहे असं समजा. ए जनुकाचं एन्झाइम या खुंटीवर एक साखर टांगतं, बी जनुकाचं एन्झाइम दुसरी. ओ गटाच्या माणसाचं हे एन्झाइम निकामी असतं, त्यामुळे खुंटी रिकामी राहते. आणि बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते. त्याचं ए किंवा बी एन्झाइम धडधाकट असतं, पण टांगायचं कुठे?

एवढं समजलं की आधीचे प्रश्न आपोआप सुटायला लागतात. एच जनुक ए-बीला दाबत वगैरे नाही, ते फक्त कामाच्या क्रमात आधी येतं. एचची एक प्रत चांगली असली तरी पुरते, कारण अर्ध्या मात्रेतल्या एन्झाइमनेही पुरेशा साखळ्यांवर फ्यूकोज लागतं. म्हणून हा दोष दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय दिसत नाही. आणि ओ गटाचं रक्त का चालत नाही? ओ पेशींवर एच खूण भरपूर असते. बॉम्बे गटाच्या शरीराला ती परकी वाटते, म्हणून त्यात अँटि-एच तयार असतं आणि ते शरीराच्या तापमानालाही काम करतं. ओ रक्त दिलं तर त्या पेशी फुटतात आणि जीवावर बेततं. अशा माणसाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

सोळा खणांचं गणित करताना आपण ए-बी आणि एच ही जनुकं एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटली जातात असं गृहीत धरलं होतं. त्याचंही उत्तर इथेच आहे. ए-बी-ओचं जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे आणि एचचं एकोणिसाव्या. एका टोकाने जे मानून घेतलं होतं, त्याची खातरी दुसऱ्या टोकाने दिली.

पण एच जनुक सापडलं कसं? माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत आणि प्रथिनं बनवणारी वीसेक हजार जनुकं. त्यातलं नेमकं एक कसं हुडकायचं? १९९०च्या सुमाराला अमेरिकी संशोधकांनी वापरलेली युक्ती मला फार आवडते. उंदराच्या अशा पेशी घेतल्या, ज्यांच्यावर एच खूण नव्हती. त्यांच्यात माणसाचा डीएनए तुकड्यातुकड्यांनी घातला. बहुतेक पेशींत काहीच बदल झाला नाही. पण ज्या पेशीला नेमका योग्य तुकडा मिळाला, तिच्यावर एच खूण उगवली. अँटि-एचने त्या पेशी पकडल्या आणि त्यांच्यात माणसाचं काय शिरलं आहे ते पाहिलं. असा जनुक हाती आला. त्याचं आजचं नाव एफयूटी१. तो प्रथिनांचे घटक असलेल्या ३६५ अ‍ॅमिनो आम्लांचं एन्झाइम बनवतो. मॉलिक्युलर बायोलॉजीचा पेपर म्हणजे अशा युक्त्यांचा अभ्यास. वर्गात निष्कर्ष पाठ करून घेतले जातात, पण खरी गोडी ‘हे त्यांना कळलं कसं?’ या प्रश्नात आहे. ज्या विद्यार्थ्याला हा प्रश्न छळत नाही, त्याला हा अभ्यास तीन वर्षांत कंटाळवाणा होतो, असं मी पाहिलं आहे.

एक अक्षर

आता सगळ्यात जवळून बघू. भारतीय बॉम्बे गटाच्या अनेक व्यक्तींत एफयूटी१ जनुकातलं ७२५वं अक्षर बदललेलं सापडतं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी थायमीनच्या जागी तिथे ग्वानीन असतं.

जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात आणि प्रत्येक गट एका अ‍ॅमिनो आम्लाची खूण असतो. ७२५ला ३ने भागा. २४१ पूर्ण गट होतात आणि २ उरतात. म्हणजे हे २४२व्या गटातलं मधलं अक्षर. त्या जागी नेहमी ल्यूसीन असतं आणि बदलानंतर आर्जिनीन येतं. आता कोडची सारणी, म्हणजे कुठल्या गटाने काय लिहिलं जातं ते सांगणारा तक्ता, उघडा. ल्यूसीनचे सहा गट आहेत. त्यातले दोन थायमीनने सुरू होतात आणि चार सायटोसीनने. थायमीनने सुरू होणाऱ्या गटांत मधलं अक्षर बदललं, तर एकातून ट्रिप्टोफॅन निघतं आणि दुसऱ्यातून थांबण्याची खूण. आर्जिनीन येत नाही. सायटोसीनने सुरू होणाऱ्या चारही गटांतून मात्र आर्जिनीनच येतं. म्हणजे मूळ गट सायटोसीनने सुरू होत होता, हे डीएनए न वाचताही आपल्याला सांगता आलं. पेन, कागद आणि पुस्तकाच्या मागची सारणी, एवढ्यावर.

ल्यूसीन पाण्यापासून दूर राहणारं, आर्जिनीन धन विद्युतभार असलेलं आणि पाण्याकडे ओढलं जाणारं. प्रथिनाच्या घडीत एकाच्या जागी दुसरं आलं की घडी बिघडू शकते. बिघडू शकते असं म्हणालो, कारण एवढ्याने सिद्ध काहीच होत नाही. आपल्या सगळ्यांच्या डीएनएत निरुपद्रवी बदल खंडीभर असतात. हाच बदल दोषी आहे हे दाखवायचं, तर बदललेलं जनुक पेशींत घालून एन्झाइमचं काम मोजावं लागतं. तसं केल्यावर ते बंद पडलेलं आढळतं. ‘बदल सापडला’ आणि ‘कारण सापडलं’ या दोहोंत केवढं अंतर आहे, हे ज्याला नीट कळलं त्याने माझ्या दृष्टीने पदवी खऱ्या अर्थाने मिळवली.

आणखी एक गोष्ट. या लोकांमध्ये शेजारचं एफयूटी२ हे जनुकही गळालेलं असतं. लाळेत एच खूण बनवायचं काम त्याचं. दोन वेगवेगळे बिघाड एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी, आणि तेही एकमेकांशी नातं माहीत नसलेल्या घरांत. हे दोन्ही प्रत्येक घरात नव्याने घडले असतील असं मानणं कठीण आहे. फार मागच्या एखाद्या पूर्वजात ही जोडी जमली आणि पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चालत आली, हेच जास्त पटतं. लिंकेज, म्हणजे जवळजवळची जनुकं वारशाने एकत्र येणं, हा प्रकरणभर किचकट वाटणारा विषय इथे असा उपयोगी पडतो.

प्रयोगशाळेत

पहिल्या वर्षी कांद्याच्या मुळांची टोकं कापून, रंगवून, काचेखाली दाबून पेशींचं विभाजन बघायचं. फळमाश्यांचे डोळे आणि पंख बघून पिढ्या मोजायच्या. रक्तगट तर पहिल्याच महिन्यात बघतात. तिथे एक सांगण्याजोगी गंमत आहे: काही वनस्पतींच्या बियांत रक्तगटाच्या खुणा ओळखणारी प्रथिनं असतात. आपल्या कुळथाच्या दाण्यातलं प्रथिन ए गटाचा ए-१ हा मुख्य उपप्रकार ओळखतं आणि रक्तपेढ्यांत त्याचा अर्क वापरला जातो. एच ओळखणारं प्रथिन युरोपातल्या गॉर्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांत मिळतं. बॉम्बे गटाचा संशय आला की हेच टाकून बघतात. ओ पेशींच्या गुठळ्या होतात, बॉम्बेच्या होत नाहीत. शिवाय रुग्णाचं सीरम माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर टाकून उलट तपासणीही करायची असते. ती टाळली तर बॉम्बे माणूस ओ म्हणून नोंदवला जातो, आणि धोका तिथेच आहे.

पुढे पीसीआर येतं, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. समजा, एफयूटी१ वाढवायचा आहे. एका छोट्या नळीत थोडा डीएनए, जनुकाच्या दोन्ही टोकांना जुळणारे दोन छोटे तुकडे म्हणजे प्रायमर, सुटी अक्षरं, उष्णता सहन करणारं एन्झाइम आणि मॅग्नेशियम असलेलं द्रावण. यंत्र नळी ९५ अंशाला तापवतं, डीएनएच्या दोन पट्ट्या सुटतात. मग साठेक अंशाला आणतं, प्रायमर आपल्या जागी बसतात. मग ७२ अंशाला एन्झाइम नवी पट्टी विणतं. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट. तीस फेऱ्यांनंतर एका रेणूचे, हिशेबाने, १०० कोटींहून जास्त होतात. मग अगारोजच्या जेलमध्ये ते भरायचं आणि वीज लावायची. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे सरकतो, लहान तुकडे पुढे, मोठे मागे. या जनुकाचा प्रथिन लिहिणारा भाग १,०९८ अक्षरांचा: ३६५ गुणिले ३ आणि थांबण्याच्या खुणेची ३. शेजारच्या, माहीत लांबीच्या तुकड्यांच्या मापपट्टीत हजाराच्या रेघेच्या जरा मागे आपली रेघ दिसायला हवी.

या सगळ्यात एक नळी अशी ठेवतात, जिच्यात डीएनएच्या जागी नुसतं पाणी असतं. तिच्यात काहीच दिसता कामा नये. तिच्यातही रेघ दिसली, तर बाहेरचा डीएनए कुठूनतरी मिसळला आहे. मग बाकीच्या नळ्यांत कितीही सुंदर रेघा आल्या असल्या, तरी तो प्रयोग फेकून पुन्हा करायचा. ज्या विभागात या पाण्याच्या नळीवर शिक्षक आग्रह धरतात, तो विभाग चांगला, अशी माझी साधी कसोटी आहे.

शेवटी सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचणं. संगणकाच्या पडद्यावर चार रंगांची शिखरं ओळीने येतात, एकेक शिखर म्हणजे एकेक अक्षर. बॉम्बे गटाच्या माणसात ७२५व्या जागी ग्वानीनचं एक शिखर दिसतं. आणि ज्याची एक प्रत चांगली, एक बिघडलेली, त्याच्यात त्याच जागी दोन रंगांची अर्ध्या-अर्ध्या उंचीची शिखरं एकमेकांवर चढलेली दिसतात. मेंडेलने जे नुसत्या आकडेमोडीतून ओळखलं, ते इथे डोळ्यांसमोर असतं. हे प्रत्यक्ष बघायला मिळावं म्हणून तरी हा विषय घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

गावाचं गणित

शेवटच्या वर्षाला पॉप्युलेशन जेनेटिक्स, म्हणजे अख्ख्या लोकसमूहातल्या जनुकांचा हिशेब, येतं आणि बहुतेक मुलं ते पर्यायात सोडतात. सोडू नका. भारतात बॉम्बे गट साधारण दहा हजारांत एकाला असतो असा अंदाज नेहमी दिला जातो. मग एकच बिघडलेली प्रत असलेले, म्हणजे वाहक, किती? १९०८ साली इंग्रज गणिती हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दिलेलं सूत्र वापरू. दोन्ही प्रती बिघडण्याची शक्यता दहा हजारांत एक, तर एक प्रत बिघडण्याची त्याचं वर्गमूळ, म्हणजे शंभरात एक. वाहक म्हणजे २ गुणिले ०.०१ गुणिले ०.९९, जवळजवळ पन्नासात एक! ज्या गोष्टीचं नावही अनेकांनी ऐकलेलं नाही, तिचा वाहक प्रत्येक मोठ्या वर्गात बसलेला असू शकतो.

पण हे सूत्र एक अट घालतं: लग्नं कुणाचीही कुणाशीही, योगायोगाने व्हायला हवीत. आपल्याकडे तसं होत नाही. लग्नं जातीत होतात, आणि महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलाला एकाच पूर्वजाची तीच प्रत दोन्हीकडून मिळण्याची शक्यता सोळात एक असते. ते जमेस धरलं, तर बॉम्बे गटाचं मूल होण्याची शक्यता ०.०००१ वरून सुमारे ०.०००७ होते. सातपट. म्हणजे तरीही दहा हजारांत सातच, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण हेच गणित थॅलसेमियासारख्या गंभीर आजाराला लावलं की लग्नाआधीची तपासणी कशासाठी सांगतात ते कळतं. जेनेटिक समुपदेशक हे काम करतात आणि मराठीत, घरच्या माणसांना समजेल असं बोलणारे समुपदेशक आपल्याला फार हवे आहेत.

मग प्रवेश कुठे?

पदवीला थेट ‘जेनेटिक्स’ नाव असलेले अभ्यासक्रम आपल्याकडे कमी. बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी किंवा बॉटनी यांपैकी कशातही बी.एस्सी. करून इकडे येता येतं. नावापेक्षा रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र नीट शिकवतात का ते बघा. थोडं प्रोग्रॅमिंगही शिकून घ्या, पायथन किंवा आर, कारण सिक्वेन्सिंगचा डेटा हाताने वाचण्याचे दिवस गेले. बारावीनंतर थेट संशोधनाच्या वाटेने जायचं असेल, तर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था आहेत. पुण्याचं आयसर २००६ साली सुरू झालं आणि प्रवेशासाठी त्यांची स्वतःची परीक्षा असते. एम.एस्सी.साठी जॅम, गॅट-बी, सीयूईटी या परीक्षा, आणि पीएच.डी.साठी नेट. राज्यातच पाहायचं तर पुण्यात एनसीसीएस (पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र) आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि खारघरला कर्करोग संशोधनाचं केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे. बॉम्बे रक्तगटाशी सरळ नातं सांगणारी संस्था परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे: राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. १९५७ साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली.

नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात चांगली नोकरी मिळणं अवघड आहे, हे प्रवेशाआधीच घरात स्पष्ट बोललेलं बरं. एम.एस्सी. धरून पाच वर्षं, आणि संशोधन करायचं तर त्यापुढे पीएच.डी.ची आणखी पाच-सहा, अशी तयारी हवी. रोगनिदान प्रयोगशाळा, बियाणं कंपन्या, लस आणि औषध उद्योग, न्यायवैद्यक विभाग इथे जागा असतात, पण प्रयोग स्वतःच्या हाताने करता येतात का हे सगळीकडे विचारतात. म्हणून फी भरण्याआधी एकदा विभागात जाऊन या. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा: पीसीआर तुम्ही स्वतः लावता की सर लावतात आणि तुम्ही बघता? एका बाकावर किती जण? मायक्रोपिपेट प्रत्येकाच्या हातात येतं का? प्रयोग फसला, तर तो पुन्हा करायला वेळ देतात, की वहीत ठरलेलं उत्तर लिहायला सांगतात?